पुतळ्याला सावली

फौजेतून रिटायर झालेला माणूस घरी येताना एक लोखंडी ट्रंक, गुडघेदुखी आणि ढीगभर किस्से घेऊन येतो. ट्रंकेला कुलूप असतं, किश्श्यांना नसतं. युसूफ वडगावच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. आमच्या पलटणीतली केज तालुक्यातली मंडळी सकाळी तिथं जमतात, अर्धा अर्धा चहा घेतात आणि दुपारपर्यंत हलत नाहीत. त्यामुळे माझ्याकडे धंदा कमी आणि किस्से जास्त होतात.

मी पलटणीत लंगरी होतो, म्हणजे स्वयंपाकी. लंगऱ्यापासून काही लपत नाही. कोणाला घरून वाईट बातमी आली, कोण कोणाशी भांडला, सगळं ताटावरून कळतं. तेव्हा मी सांगतो ते खरं समजून चाला.

* * *

ही मंडळी जमवली आमच्या सुभेदारसाहेबांनी. रिटायर होऊन केजला आले आणि पहिल्याच आठवड्यात घरच्यांना कंटाळले, की घरचे त्यांना, ते नक्की माहीत नाही. त्यांनी ठरवलं, तालुक्यातला पलटणीचा एकेक माणूस हुडकून काढायचा. पण हुडकायचा कसा? नोकरीत सगळे एकमेकांना टोपणनावानं ओळखायचे आणि गावात टोपणनावं कोणाला ठाऊक नसतात.

साहेब नांदूरघाटच्या बाजारात गेले. तिथं एक बियाणंवाला कर्ण्यावरून ओरडत होता. साहेबांनी त्याच्या हातातला माइक घेतला आणि पोटातून आवाज काढला, "कंपनी, सावधान!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. तीन माणसं तेवढी वळली नाहीत. ती होती तिथं ताठ झाली. एकाच्या हातात मेथीची जुडी, एकाच्या हातात कोंबडी, तिसरा वांगी निवडता निवडता तसाच. साहेबांनी जाऊन तिघांच्या पाठीवर थाप मारली. कोंबडीवाला निघाला आमचा रशीद ड्रायव्हर, मेथीवाला कंपनीचा न्हावी. वांगीवाला मात्र दुसऱ्याच पलटणीचा होता. "मी तुमच्यातला न्हाई, साहेब," तो बिचारा म्हणाला. साहेब म्हणाले, "सापडलास ना? मग ऱ्हा."

तो अजून आमच्यात आहे. पलटणीच्या आठवणी निघाल्या की सगळ्यांत जास्त तोच बोलतो.

* * *

मग साहेबांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. ग्रुपचा पहिला नियम, विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. एकदा रशीदच्या पोरानं फोन बदलला आणि त्यात रशीद ग्रुपमधून गळाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेब मोटारसायकलवरून त्याच्या दारात हजर. रशीद म्हशीची धार काढत होता.

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "न सांगता कुठं गेलता बे?"

रशीद बादली हातात घेऊन माफी मागत उभा. वहिनींनी साहेबांना चहा दिला आणि मला नंतर फोन करून विचारलं, भाऊजी, हे फौजेतून खरंच सुटलेत ना?

* * *

आता तुका. तुका आमच्यातला सगळ्यांत लहान, धनगराचं पोर, नांदूरघाटच्या पलीकडच्या एका वाडीवरचं. अंगानं काटकुळा, पण जेवायला बसला की मला पुन्हा पीठ मळावं लागायचं. करपलेली भाकरी मुद्दाम मागून घ्यायचा. सीमेवरच्या चौकीत पहाऱ्यावर असताना गेला. लंगरात एक रिवाज असतो, पहाऱ्यावरच्या माणसाचं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं. त्याच्या जागी दुसरा माणूस आला, म्हणजे बदली आली, की तो येऊन जेवतो. त्या दिवशी तुकाचं ताट झाकलेलंच राहिलं.

साहेबांनी ठरवलं, तुकाचा पुतळा वाडीच्या रस्त्याला उभा करायचा. मूर्तिकार शोधला. तो नामांकित होता, पण त्याला सवय पुढाऱ्यांचे पुतळे करायची. पुतळा आला तेव्हा गणवेश बरोबर, बंदूक बरोबर, चेहरा बराचसा बरोबर, आणि पोट पुढाऱ्याचं!

तुकाचे वडील मारुतीबाबा शेळ्या-मेंढ्या घेऊन आले. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं खाऊ घातलं रं तुमी त्याला."

मला हसावं की रडावं कळेना. बाबांनी वर सूर्याकडे बघितलं, पुतळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पर उन्हात काहून उभा केला?"

अनावरणाला आलेले आमचे नेते शेजारीच होते. त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. त्यांनी माइकवरून जाहीर केलं की पुढच्या वर्षी पुतळ्यावर छत्री बांधून देऊ.

* * *

पुढच्या वर्षी निधी आला. त्यातून कमान झाली. कमानीवर नेत्यांचं नाव इतकं मोठं की लांबून येणाऱ्याला वाटावं, गेले ते हेच. त्याच्या पुढच्या वर्षी छप्पर झालं, पण ते स्टेजवर. पाहुण्यांना ऊन लागतं म्हणून.

मग कोणीतरी सुचवलं, छत्री राहू द्या, कडुलिंबाचं झाड लावा. लावलं. नेत्यांनी झारीनं पाणी घातलं, फोटो निघाले. बाबा म्हणाले, रोज पाणी मी घालतो. पण शेळ्या झाड खातील म्हणून स्मारकाच्या समितीनं झाड आणि पुतळा दोन्हींभोवती जाळी ठोकली, जाळीला कुलूप लावलं आणि किल्ली सरपंचाकडे दिली. सरपंच राहायला बीडला. बाबा हातात घागर घेऊन जाळीबाहेर, झाड आत. शेळ्यांनी खाल्लं नाही हे खरं, पण वाळलं. आता दर वर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड लागतं.

बाबांनी त्यानंतर तुकाच्या दर वर्षीच्या कार्यक्रमाला यायचं सोडलं. पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची असते, ती रिकामी राहते. साहेब दर वर्षी स्वतः बोलवायला जातात. बाबांचं एकच म्हणणं. "लेकरू उन्हात उभं आन् मी मांडवात बसू? जमायचं न्हाई, साहेब."

साहेबांना ती रिकामी खुर्ची फार लागायची. कार्यक्रम झाल्यावर ती खुर्ची दुसऱ्या कोणाला उचलू देत नसत.

* * *

असाच एक कार्यक्रम. साहेबांनी आम्हाला पुतळ्यासमोर रांगेत उभं केलं, सावधान दिला, श्रद्धांजली झाली. आता विश्राम द्यायचा. पण तुकाचं नाव घेतल्यावर साहेब पुढचं विसरले आणि तसेच जाऊन स्टेजवर बसले. विश्राम द्यायचा राहिला.

आता फौजेतला माणूस विश्राम मिळाल्याशिवाय हलतो का? आम्ही उभे. नेते भाषणाला उठले. रस्ते झाले, पाणी झालं, विरोधकांचं झालं, आम्ही उभेच. माझ्या नाकावर माशी बसली, मी ती बसू दिली. न्हाव्याचे डोळे मिटायला लागले. वांगीवाला चक्कर येऊन पडला, पण पडला तोसुद्धा हात पँटच्या शिवणीला लावून!

भाषण संपल्यावर नेत्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, इतक्या वर्षांच्या राजकारणात माझं भाषण कोणी इतक्या आदरानं ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी जास्त वेळ मागून घेतला.

* * *

रशीद आता केजला एटीएमवर वॉचमन आहे. सणाच्या दिवशी त्याच्यानंतरचा वॉचमन आलाच नाही. दिवस सरला, रशीद जागचा हलेना. त्यातच घरी मुलीला बघायला पाहुणे आलेले. वहिनींचे फोनवर फोन. रशीदचं उत्तर ठरलेलं, बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. वहिनी म्हणाल्या, एटीएममध्ये पैसे तरी आहेत का? तो म्हणाला, तीन दिवसांपासून न्हाईत.

शेवटी वहिनींनी मला फोन केला. मी हॉटेल बंद करून गेलो आणि म्हणालो, चल, पाहुणे खोळंबलेत. तो ढिम्म. मला तेव्हा पहारा बदलताना म्हणायचे शब्द आठवले. मी त्याच्यासमोर ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "मी आलो. तू जा, जेवून घे."

तसा रशीदनं मला सलाम ठोकला, काठी माझ्या हातात दिली आणि धूम पळाला. नसलेल्या पैशांची राखण मग मी करत बसलो.

* * *

हा किस्सा हॉटेलात सांगितला त्या दिवशी मारुतीबाबा बाकावर होते. नारायणगडाहून दर्शन करून परतताना चहाला थांबले होते. सगळे पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. बशीतला चहा तसाच ठेवून त्यांनी रशीदला विचारलं, "बदली आली न्हाई तर मानसानं जायचंच न्हाई?"

"न्हाई बाबा."

"आन् कुनी बी आलं तर चालतंय? फौजेतला न्हाई असला तरी?"

रशीदनं साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "भरवशाचा पाहिजे."

बाबांनी मान हलवली, चहा संपवला आणि निघून गेले.

यंदाच्या कार्यक्रमाला बाबा आले. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. डोक्याला नवा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढ्या पुतण्यावर सोपवून आले होते. साहेब स्टेजवरून धावत खाली आले आणि त्यांना हाताला धरून खुर्चीकडे न्यायला लागले. बाबांनी हात सोडवून घेतला. कार्यक्रमाचा दिवस म्हणून जाळीचं कुलूप उघडं होतं. ते सरळ आत गेले.

पुतळ्याच्या पायाशी फुलं होती. ती पायानं लागू नयेत म्हणून बाबा वळसा घालून गेले. घोंगडी काढली, काठीच्या टोकानं वर चढवली आणि पुतळ्याच्या डोक्या-खांद्यावर पांघरली. मग त्याच्या शेजारी काठी रोवून उन्हात उभे राहिले. बाबा त्याच्याशी बोलले ते घरातलं बोलणं होतं, माइकची गरज नव्हती.

"तुका, मी आलोय. तू जा, जेवून घे."

नेत्यांनी माइकवरून विनंती केली की बाबांनी सावलीत येऊन बसावं, त्यांचा सत्कार करायचा आहे. बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. रशीद तोंड फिरवून उभा राहिला. सत्काराची शाल घेऊन निघालेला माणूस जाळीपर्यंत गेला आणि परत आला. भाषण झालं, पण लोक ऐकत नव्हते, जाळीकडे बघत होते.

जेवणाची वेळ झाली. मी पंगतीच्या तयारीला लागलो. सुभेदारसाहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"लंगरी, ताट वाढून झाकून ठेव."

मी म्हणालो, "बाबांचं ना? ठेवतो."

साहेब म्हणाले, "दोन वाढ. एकात करपलेली भाकरी ठेव."