मावशीच्या ओव्या आणि चौसष्ट जीबीचं कार्ड

शनिवारी भाचीचा रोस होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाचं दूध लावून न्हाऊ घालतात, तो. त्या वेळच्या ओव्या आमच्या वाड्यावर एकट्या मावशीला यायच्या. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. तीन वर्षांपूर्वीच्या एका रोसाला गोव्याच्या मावसभावाने मात्र त्या कॅमेऱ्यात घेतल्या होत्या. कार्ड माझ्या हातावर ठेवून तो कॅमेऱ्यासकट परत गेला. मी ते डबीत टाकलं आणि विसरले.

मंगळवारी ते लॅपटॉपच्या फटीत सरकवलं, तर पडद्यावर एकच वाक्य: आधी फॉरमॅट करा. मी तशीच लॅपटॉप घेऊन कुडाळ गाठलं. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "कार्ड गेला. फॉरमॅट करून बघूया." त्याचं बोट बटणाकडे जाताना मी लॅपटॉप ओढून घेतला. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, एवढं मलाही कळतं. मला त्याचा असा राग आला की चहाही न घेता निघाले.

घरी आल्यावर हट्टच धरला. जुनं आठ जीबीचं कार्ड घातलं, उघडलं. शाळेचं बत्तीसचं घातलं, तेही उघडलं. म्हणजे फट चांगली होती. मावशीचं कार्ड चौसष्टचं. नवऱ्याने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, जुन्या लॅपटॉपांना बत्तीसच्या पुढचं झेपत नाही. "ह्यो लॅपटॉप तुझ्यासारखोच, ठरावीक तेवढाच ऐकता," तो म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बुधवारी शेजारणीचा नवा कॅमेरा मागून आणला. कार्ड त्यात घातलं आणि छोट्या पडद्यावर मावशी दिसली. मला रडूच आलं. कॅमेरा वायरने लॅपटॉपला जोडून सगळं उतरवून घेतलं.

मग आवाज मोठा करून ऐकायला बसले. तिसऱ्या ओवीला मागून कुणीतरी खिदळतंय. मावशी थांबते आणि म्हणते, "हसतस कित्याक गो? हंय बस नि शिक. माझ्यामागसून कोण म्हणतला?" पुन्हा तेच खिदळणं. ते माझं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाची म्हणाली, "रोसाक ह्याच लावूया, स्पीकरार." मी साफ नाही म्हटलं. तीन दिवस भात रांधताना, शाळेच्या वाटेवर, कपडे वाळत घालताना त्याच ओव्या घोकत राहिले. माझा आवाज फाटका, चाल सारखी सुटायची.

शनिवारी मावशीला खुर्चीत बसवून मांडवात आणलं. मी सुरू केलं. तिसऱ्या ओवीला चुकले. मावशीने डावा हात खुर्चीवर आपटला. कुणी हसलं नाही. मी ती ओवी पहिल्यापासून म्हटली, आणि ती पुरी होईपर्यंत मावशीचा हात पुन्हा आपटायच्या तयारीत वर होता.