कुलूपबंद सूर्यफुलं

विषय : सूर्यफुलांच्या रोपांचे साठ डबे गोदामात कुलूपबंद ठेवल्याबाबत खुलासा.
संदर्भ : तत्कालीन तात्पुरत्या कारकुनाची, म्हणजे माझी, अक्कल.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... जाऊ द्या! हाताला सवय लागली आहे, दुसरं काय. तुम्ही चहा घ्या आणि ऐका. चुका सगळेच करतात हो. पण साक्षात सूर्यनारायणाला गोदामाच्या दाराबाहेर ताटकळत ठेवणारा कारकून तुम्ही पाहिला नसेल. तो आत्ता तुमच्यासमोर बसला आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर एक सरकारी कारखाना उभा राहत होता. माळ म्हणजे नुसता माळ! बाभळी, दगड आणि मधूनच एखादी आगगाडी. मी भोसरीत खोली घेऊन राहायचो, सायकलवरून यायचो आणि भांडार विभागात तात्पुरता कारकून होतो. 'तात्पुरता' हा शब्द नीट ऐका. चिंचवडच्या लेले मास्तरांची सुमती मला पसंत होती, मी तिला पसंत होतो, मास्तरांना फक्त हा एक शब्द पसंत नव्हता. ते शाळेत शास्त्र शिकवायचे. स्वच्छ म्हणाले, "कायम झाल्याचा कागद आणा, मग मुहूर्त बघू."

मी अर्ज केला. आमच्या गुप्तेसाहेबांनी तो खणात टाकला आणि म्हणाले, "पाटणकर, दोन महिन्यांनी उद्घाटन आहे. फाटकापासून दोन्ही बाजूंना सूर्यफुलं उभी पाहिजेत. ती फुलली की मी सही केली म्हणून समजा."

म्हणजे बघा, माझं लग्न आता सूर्यफुलांच्या हातात होतं!

पुनावळ्याचा म्हादबा बैलगाडीतून रोपं घेऊन आला. रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत लावलेली, वीतभर उंचीची, हिरवीगार. मी डबे मोजले. एकसष्ट भरले.

"साठच मागवले होते," मी म्हणालो.

"एक वरकड हाय, सायब. ऱ्हाऊ द्या."

"वरकडला नोंद नाही."

शेवटी तो एक डबा आमच्या चौकीदाराने, इस्माईलचाचांनी, आपल्या चौकीपाशी उन्हात ठेवला. बाकीचे साठ मी नियमाप्रमाणे गोदामात नेले. नियम असा, की आलेला माल मुंबईच्या तपासणी अधिकाऱ्याने पास करेपर्यंत कुलपात राहील. गोदाम नवं कोरं, ठेंगणं, पत्र्याचं. खिडकी एकही नाही.

म्हादबा दारात आडवा उभा राहिला. "आवं सायब, ही काय खिळं-मोळं हाईत व्हय? उन्हात ठिवा त्यास्नी!"

"नियम आहे, म्हादबा."

"त्यो तुमाला हाय. पानांला न्हाई."

अडाणी माणूस, मी मनात म्हटलं. मी वाचनालयाचा सभासद होतो ना!

रोज सकाळी मी कुलूप उघडायचो, इस्माईलचाचा कंदील धरायचे, मी झारीने पाणी घालायचो, खत घालायचो, नोंदवहीत सही करायचो, पुन्हा कुलूप, वर लाखेचं सील. यापेक्षा जास्त लाड घरच्या जावयाचेही होत नसतील!

आणि काय चमत्कार सांगू! पाचव्या दिवशी रोपं वाढलेली. आठव्या दिवशी आणखी वाढलेली. फूटपट्टी लावली तर जवळजवळ दुप्पट! बाहेर चौकीपाशी उन्हात तळणारं ते वरकड रोप मात्र बोटभरच पुढे सरकलेलं. बुटकं, काळपट हिरवं. मला त्याची दया आली.

"चाचा, पाहिलंत? सरकारी देखरेख ती सरकारी देखरेख!"

चाचा कंदील वर करून बघत राहिले. "बढे तो हैं, बाबूजी. पण रंग बघा की. काविळीच्या पेशंटसारखा दिसतोय."

पानं फिकट पिवळी झाली होती, हे खरं. देठही सुतळीसारखे बारीक. मी खत दुप्पट केलं. गोदामात पाय ठेववेना इतका वास सुटला, पण मी मागे हटलो नाही. उलट त्याच संध्याकाळी एक टिपण लिहिलं: 'रोपे उघड्यावर ठेवण्यापेक्षा बंद गोदामात ठेवल्यास वाढ दुप्पट होते, असे निम्नस्वाक्षरीकाराच्या निदर्शनास आले आहे.' गुप्तेसाहेब खूश! त्यांनी ते वर पाठवलं. मी एवढ्यावर थांबावं ना? नाही! मी टिपणाची नक्कल करून चिंचवडला लेले मास्तरांना धाडली. सोबत आग्रहाचं आमंत्रण. भावी जावई शोध लावतो म्हटल्यावर सासरा किती दिवस कागदासाठी अडून बसेल?

मास्तर रविवारी आले. काळी टोपी, छत्री, तोंडावर अविश्वास. मी दिमाखात सील तोडलं, कंदील धरला आणि म्हणालो, "बघा!"

मास्तरांनी एक रोप बोटाने हलवलं. ते नमस्कार घातल्यासारखं आडवं झालं.

"पाटणकर, हे वाढलेलं नाही."

"मास्तर, फूटपट्टीने मोजलंय!"

"अहो, हे पळतंय! अंधारात कोंडलेलं रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं. गाठीला होतं ते मोडून खातंय बिचारं. किती दिवस पुरणार?"

"पण मी खत दुप्पट घालतोय! पाणी रोज!"

"तुम्ही मीठ-मसाला दिलात आणि चूल विझवलीत!" मास्तरांना आता वर्गात शिरल्याचं तेज चढलं होतं. "झाड माती खात नाही. पान म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. मुळांकडून पाणी येतं, हवेतून कार्बन डायऑक्साइड येतो, आणि पानातला हिरवा रंग उजेड पकडतो. त्या उजेडाच्या जोरावर साखर तयार होते. ऊन असं साखरेत साठवून ठेवलं जातं, आणि उरलेला प्राणवायू आपल्याला श्वासाला मिळतो. तुमच्या पानांत तो हिरवा रंगच उरला नाही. पकडणार कशाने? आणि पकडणार काय, कंदील?"

मी म्हटलं, हे पुराव्यानिशी सिद्ध झालं पाहिजे. कारकून ना!

"प्रथमोपचाराची पेटी आणा," मास्तर म्हणाले.

मग इस्माईलचाचांच्या चहाच्या पातेल्यात आमची प्रयोगशाळा सुरू झाली. एक पान माझ्या रोपाचं, एक चौकीपाशी उन्हात असलेल्या रोपाचं. स्पिरिटची वाटी गरम पाण्यात ठेवून त्यात दोन्ही पानं उकळली. त्यांचा रंग उतरला. मग दोन्हींवर टिंक्चर आयोडीनचे थेंब. चाचांचं पान बघता बघता निळं-काळं पडलं! साखरेचा झालेला स्टार्च त्यात भरलेला होता. माझं पान पिवळट तपकिरी ते तपकिरीच. कोठार रिकामं!

"बाबूजी," चाचा हळूच म्हणाले, "आपला एक डबा पास. तुमचे साठ नापास."

मास्तरांनी छत्री उचलली. "आणि तुमच्या घरी मी मुलगी देऊ? तिलाही कुलपात ठेवाल, तपासणी होईपर्यंत!"

खरं सांगतो, मला लाज वाटायला हवी होती. पण मी भलताच पेटलो! फाटकाबाहेर आलो आणि माळाकडे बघतच राहिलो. इथे आम्ही कारखाना उभारत होतो, आणि तिथली एकेक बाभूळ आधीपासूनच कारखाना चालवत होती! भोंगा नाही, धूर नाही, हजेरीपट नाही! उजेड आत, अन्न तयार! मी वाटेत भेटेल त्याला थांबवून हे सांगत सुटलो. सोमवारी म्हादबालाही सांगितलं.

"मग मी काय सांगत हुतो?" तो म्हणाला. "पन येकदम उन्हात काढू नगा. करपतील. जरा जरा ऊन दावा."

जरा जरा ऊन! पण दाखवणार कसं? मुंबईचा अधिकारी अजून यायचा होता. तपासणीआधी माल बाहेर काढला तर नियमभंग, आणि नियमभंग केला तर कायम कुठला होतोय मी? मी नियमावली तीनदा वाचली. माल बाहेर काढू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं.

छप्पर काढू नये, असं कुठेच लिहिलं नव्हतं!

चाचा पूर्वी फिटर होते. पाना घेऊन वर चढले. "बाबूजी, नीट विचार केलाय ना?"

"शास्त्र आहे, चाचा! पहिला पत्रा काढा!"

पहिल्या दिवशी एक पत्रा, तिसऱ्या दिवशी दोन. असं करत पंधरवड्यात सगळं छप्पर उतरलं आणि रोपांनी काय रंग धरला म्हणता! पिवळ्याचं पोपटी, पोपटीचं हिरवं. लांबट देठांना मी काठ्या बांधल्या, पानं तळहाताएवढी झाली, पुढे कळ्या धरल्या. मास्तर एकदा सायकल ढकलत आले, टाचा उंचावून भिंतीवरून डोकावले आणि हसले. माझ्या छातीत ते हसू मावेना!

दार मात्र रोज कुलूपबंद. वर लाखेचं सील.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुंबईचे अधिकारी उगवले. गुप्तेसाहेब त्यांना घेऊन गोदामापाशी आले. मी ताठ उभा.

"साहेब, सील शाबूत आहे. तपासून घ्यावं."

अधिकाऱ्यांनी सील बघितलं. मग वर बघितलं. दाराच्या वर निळं आभाळ, आणि भिंतीवरून साठ सूर्यफुलं त्यांच्याकडे माना काढून बघत होती.

"सील ठीक आहे," ते म्हणाले. "छप्पर कुठे आहे?"

"आत आहे, साहेब. पत्रे मोजून रचून ठेवलेत. आवक नोंदवहीत रीतसर नोंद केली आहे."

"आवक?"

"भांडारात आलेला माल तो आवक, साहेब. मग तो वरून येवो की दारातून."

गुप्तेसाहेबांनी डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी मात्र रोपं पास केली. 'माल उत्तम' असा शेरा दिला. उद्घाटन थाटात झालं, फुलं वाखाणली गेली. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "पाटणकर, ते पत्रे आता वर चढवा."

"तपासणीशिवाय कसे देणार, साहेब? ते आवक आहेत. आणि मुंबईचे साहेब म्हणाले, त्यांच्याकडे फक्त रोपांचं काम होतं. पत्र्यांचा अधिकारी वेगळा."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललो, हे लक्षात घ्या. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

साहेबांनी खण उघडला, माझा अर्ज काढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि पत्र्यांच्या फायलीला टाचून टाकला.

लेले मास्तरांनी वर्षभर वाट पाहिली. मग, "कागदाच्या भरवशावर राहिलो तर मुलगी घरातच पिकेल," असं म्हणून त्यांनी आमचं लग्न लावून दिलं. पुढे मी त्याच कारखान्यातून निवृत्त झालो. हुद्दा, तात्पुरता कारकून.

साहेबांचा शेरा असा होता : 'पत्र्यांची तपासणी झाल्यानंतर सादर करावे.' पत्र्यांचे तपासणी अधिकारी अद्याप आलेले नाहीत. अर्ज प्रलंबित आहे.