परत घेतलेली शाल

परवा कॉलेजच्या मेळाव्यात माझ्या खांद्यावर शाल पडली आणि त्या कोऱ्या वासानं मला नांदेडच्या जुन्या मांडवात नेलं.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, भोकरच्या कॉलेजात आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त प्राध्यापकांच्या सत्काराला मीच त्यांना घेऊन गेले होते. फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. अप्पा स्टेजच्या पायऱ्या उतरत होते, तोच संयोजक मागून धावत आला. तो त्यांचाच विद्यार्थी.

"सर, शाल द्या इकडं. कमी पडून राहिल्यात. पुढच्या सरांना घालायची हाय."

पुढच्या रांगेतले हसले. अप्पांनी शालीची नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

घरी आईनं विचारलं, "शाल कुठंय?"

"मीच घेतली न्हाई," अप्पा म्हणाले.

"लई ताठा तुमचा! चारचौघांनी दिलेला मान घ्यावा माणसानं."

तेव्हा मला वाटलं, अप्पा स्वतःची लाज झाकतायत. आता कळतं, निदान आईच्या मनात तरी तो मान शाबूत राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांच्या तेराव्याला जमलेल्या बायकांना आई सांगत होती, "मानाची शाल परत केली यांनी. असला घमेंडी माणूस!"