कोरा रकाना

सांगलीच्या कॉलेजात प्राध्यापक येत, शिकवत आणि बदलून जात. वसतिगृह मात्र नानासोंचं. कागदावर ते साधे कारकून. पण खोली कुणाला, रजा कुणाला, खानावळीतल्या भांडणात खरं कोण, हे सगळं त्यांच्याच टेबलावर ठरे. खेड्यातले बाप पोरगं त्यांच्या हवाली करत आणि निर्धास्त परतत. नानासोंना याचा भारी अभिमान होता. त्यानंच पुढं घात केला.

रजेच्या वहीत 'कोणाकडे' असा एक रकाना त्यांनी स्वतः आखला होता. पूर्वी गुंडा नावाच्या मुलाचा बाप वारला होता. तार आली, पण गुंडा रजेवर कुठं गेलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. बापाला अग्नी द्यायला पोरगा पोचला नाही. तेव्हापासून गाव आणि घरच्या माणसाचं नाव सांगितल्याशिवाय नानासो कुणालाही सोडत नसत. मुलं कुरकुरत, पण सांगत.

बेचाळीसच्या ऑगस्टात कडेगावचा सयाजी वसतिगृहातून नाहीसा झाला. मोर्चात होता, तारा तोडण्यातही होता म्हणे. जाताना फक्त नानासोंना सांगून गेला, "खंडाळ्याला बनुबाई मावशीकडं हाय. आईचं काय बरंवाईट झालं तर कळवा."

आठवड्यानं प्रिन्सिपॉलांचा हुकूम निघाला, की बिनरजेचे गैरहजर असतील त्यांची नावं कमी करा. नाव कमी झालं की शिक्षण संपलं. नानासोंनी वही काढली, मागली तारीख टाकली आणि सयाजीची रजा मांडली. कारण, आजारी. पुढं तो रकाना आला. तिथं काहीही खरडलं असतं तरी भागलं असतं. पण बारा वर्षांची सवय. हात अडला नाही. त्यांनी लिहिलं, खंडाळा, मावशी बनुबाई.

चौथ्या दिवशी पोलीस आले आणि वही घेऊन गेले. सयाजी मावशीच्या घरात सापडला. त्याला दोन वर्षांची सजा झाली. आसरा दिला म्हणून बनुबाईच्या नवऱ्याला इतकं मारलं, की तो पुन्हा अंथरुणातून उठला नाही.

वसतिगृहात नानासोंना 'खबऱ्या' नाव पडलं. पाठ फिरली की मुलं पुटपुटत. नानासोंना राग यायचा, पोरांचा कमी आणि स्वतःच्या हाताचा जास्त. एक दिवस सयाजी येईल, त्याला सगळं सांगू, तो तरी आपल्याला खबऱ्या म्हणणार नाही, एवढ्या आशेवर त्यांनी पाच वर्षं काढली.

सत्तेचाळीसच्या जूनमध्ये सयाजी आला, धाकट्या भावाला दाखल करायला. नानासोंनी दार लोटलं आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," सयाजी म्हणाला. "तुमी माझं नाव राखाया गेला. मावशीला बी मी ह्येच सांगितलं."

नानासोंचे डोळे भरून आले. घाईघाईनं त्यांनी धाकट्यापुढं प्रवेशाचा कागद सरकवला; वहीतला तो रकाना आता त्यावरही होता. "रजेला कुणाकडं जाणार, त्यो रकाना तेवढा भर, बाळा."

सयाजीनं भावाच्या हातातला टाक काढून घेतला.

"आवं नानासो, तुमच्यावर राग न्हाई माझा. पर ह्यो कोराच ऱ्हाऊ द्या."

"अरं, घरी काय झालं तर ह्याला कळवायचं कुठं?"

"न्हाई कळलं तरी चालंल."

नानासोंनी कागद आपल्याकडं ओढला. मग त्यांनी त्यावर तसाच शिक्का मारला.