चिखलाला बर्फ

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात ती आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आली आणि आमच्या शेजारी राहू लागली. विषय माझाही तोच. पण मुलं तिच्या मागं असायची. कुणी काही विचारलं की ती आधी नीट ऐकायची, मग "बरं, असं बघा" म्हणून सुरू व्हायची. मला ते बघवत नसे.

उन्हाळ्यात ती कोकणातल्या खाडीवर जाऊन चिखलाच्या बाटल्या घेऊन आली. वीज गेली, तशी तिनं त्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. टँकरची वाट बघणाऱ्या बाया भडकल्या.

"माणसाला प्यायला न्हाई अन् चिखलाला बर्फ?"

"बरं, असं बघा," ती म्हणाली. "शेतातलं खत वाहून खाडीत जातं. त्यानं शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं. मग चिखलात पुरून राहायचा कार्बन वायू होऊन हवेत जातो. किती जातो, ते मोजून राहिले मी. गार नसला तर चिखल बाटलीतच कुजंल. बाटल्या बंद हायत. वितळलेलं पाणी तुम्ही न्या."

बाया तिथंच बसल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. माझ्या वर्गात इतके प्रश्न कधी आले नव्हते.

बायको त्या पाण्याचा तांब्या घेऊन घरी आली.

"तुमचा बी विषय ह्योच ना हो?"

"हाव."

"मग कधी बोलला न्हाईत ते!"

तिनं पेला भरून दिला. तहान असूनही मी तो तसाच ठेवला.