आरोपपत्रातली आठवी ओळ

डेपोत तिला सगळे कॅलेंडरबाई म्हणायचे. कंडक्टर होऊन अठरा वर्षं झाली होती, खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. दहाची नोट हातात आली की बाकीचे कंडक्टर ती फाटकी आहे का ते बघायचे. बाई नंबर बघायची. शेवटचे सहा आकडे दोन-दोन तोडून वाचायचे: दिवस, महिना, साल. त्यातून घरातली एखादी तारीख निघाली, की त्या दिवशी भांडकुदळ पॅसेंजरलासुद्धा बाईकडून हसून तिकीट मिळायचं.

हा नाद लेकीमुळे लागला. बारकी चार वर्षांची असताना तिचा बाप घर सोडून गेला. तेव्हापासून आई ड्युटीवरून येईपर्यंत पोर आजीला चिकटून दारात बसायची. एकदा खाऊ आणायला जमलं नाही म्हणून बाईने नोटच पुढे केली. "ही बघ, आजीचा वाढदिवस घेऊन आले."

झालं. दुसऱ्या दिवसापासून चप्पल काढायच्या आत प्रश्न, "आज कोण आलं?"

पत्र्याच्या डब्यात आजी आली, मावशी आली, पहिला दात पडला तो दिवस आला, या खोलीत बिऱ्हाड टाकलं तो दिवस आला. बारकीचा स्वतःचा वाढदिवस तेवढा येईना. तेवीस, सात, चौदा.

"नोटा छापणाऱ्यांना मी माहीतच नाही का गं?"

"माहीत आहेस की. गर्दीत चढता आलं नसेल तुला. मागच्या गाडीने येतेयस."

"तुझी मागची गाडी कधी येतच नाही," पोर म्हणायची आणि आजी तोंडाला पदर लावून हसायची.

कंडक्टरांना एक नियम असतो. गाडी सुटायच्या आधी आपल्या खिशात स्वतःचे किती आहेत ते कागदावर लिहायचं. बाई रोज लिहायची, खाजगी पन्नास. दहाच्या पाच नोटा. तिकिटाच्या पैशांच्या पिशवीतली हवी ती नोट उचलायची, आपली दहाची तिथे टाकायची. फुकटची एक नोट कधी उचलली नाही. तसली बाईच नव्हती ती.

नववं वर्ष लागलं आणि बारकीच्या किडन्यांनी दगा दिला. खोलीऐवजी हॉस्पिटल झालं, दाराऐवजी लोखंडी कॉट. तरी प्रश्न तोच, "आज कोण आलं?" आता फक्त आवाज बारीक झाला होता.

त्या सकाळी बाईने होतं नव्हतं ते औषधाच्या दुकानात मोजलं आणि तशीच ड्युटीवर आली. कागदावर लिहिलं, खाजगी निरंक. आणि नशिबाची मस्करी बघा, नेमकी त्याच दिवशी ती आली. बाजाराच्या थांब्यावर एका म्हाताऱ्याने टोपली सावरत दहाची नोट दिली. चुरगळलेली, एका कोपऱ्याला हळद लागलेली. २३०७१४.

बाईच्या हातातलं तिकिटाचं मशीन खाली पडता पडता वाचलं.

पिशवीत राहू दिली असती तर काही बिघडलं नसतं. पण पिशवीतली नोट म्हणजे वाहतं पाणी, गर्दीत सुट्टे देताना बोटं बघत नाहीत. चुकून कुणाच्या हातात गेली तर? म्हणून तिने ती ओळखपत्राच्या कव्हरात, आपल्या फोटोमागे सरकवली आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी म्हणाली, "दादा, दहा द्या. बारकी आली!"

दादा संघटनेचा माणूस, तोंडाचा फटकळ. पण डोळे भरले त्याचे. "देतो बाई, देतो. सिग्नल लागू दे, खिशात हात तरी घालू दे मला."

सिग्नलच्या आधी थांबा होता. थांब्यावर तपासनीस होता.

त्याने पिशवी मोजली. दहा कमी. ओळखपत्र उलटं केलं, दहाची नोट. कागद बघितला, निरंक.

"साहेब, तारीख बघा," बाई म्हणाली. "माझ्या पोरीची आहे. ती दवाखान्यात आहे."

"मी नंबर लिहून घेतो. वाढदिवस बघायचा पगार नाही मला."

"अहो, हे घ्या दहा!" दादा इंजिन बंद करून मागे आला होता. "शंभर घ्या!"

"आता घेतले तर ती लाच होईल. बसा जाग्यावर."

नोट पाकिटात गेली, पाकिटावर लाखेची मोहर लागली. दहाचा अपहार. बाई निलंबित.

दुपारी बारकीने विचारलं, "कोण आलं?"

"तू आलीस."

पोर कोपरावर उठायला गेली. "दाखव!"

"ऑफिसात ठेवलीय. सांभाळून."

"का? मला का नाही दिली?"

कॉटच्या कडेला हात फिरवत बाई म्हणाली, "मागच्या गाडीने येतेय."

बारकी हसली नाही. अकरा दिवस तिने रोज तेच विचारलं. बाराव्या दिवशी विचारणारी राहिली नाही.

चौकशीला दोन महिने लागले. साहेबांनी सहानुभूतीने घेतलं असं सगळे म्हणाले, म्हणजे नोकरी वाचली, वेतनवाढ बंद, आणि आरोप सिद्ध. "काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

"माझी नोट द्या."

कारकुनाने फायली चाळल्या. पाकीट फोडून रक्कम कधीच बँकेत भरली होती. साहेबांनी खण उघडून स्वतःची कोरी दहाची नोट पुढे केली. "घ्या. दहा ते दहाच."

सवयीने बाईची नजर आधी नंबरावर गेली. मधले दोन आकडे सत्तेचाळीस. तसा महिनाच नसतो कॅलेंडरात.

"ही कुणाचीच नाही, साहेब," ती म्हणाली आणि नोट टेबलावर ठेवून बाहेर आली. हातात फक्त चौकशीला सोबत आणलेलं आरोपपत्र होतं.

दादा जिन्यातच उभा. रागाने लालबुंद. "अपील करायचं! दहा रुपड्यांसाठी चोर ठरवतात? संघटना लढेल, बाई. हा कागदच रद्द करून आणतो. नोट तुमच्याकडे सापडलीच नव्हती, असं लिहून घेतो!"

बाईने कागद उलगडला. आठव्या ओळीवर बोट ठेवलं. 'कर्मचाऱ्याच्या ताब्यात मिळालेली नोट, क्रमांक...' पुढे तेवीस, सात, चौदा. वर गोल शिक्का.

"नको, दादा."

"अहो, जन्मभर चोर म्हणतील!"

"म्हणू द्या. ती माझ्याकडे होती, एवढं कुठेतरी लिहिलेलं आहे. ते खोटं ठरवून मी सुटू?"

दादाने भिंतीवर मूठ आपटली. बाईने तिथेच पायरीवर बसून कागदाला घड्या घातल्या, एक, दोन, तीन, नोटेएवढा होईपर्यंत. बारकीच्या पत्र्याच्या डब्यात बसायला हवा होता.