योहानाबाईंच्या वडिलांचं नाव

"पल्मनरी एम्बोलिझम," मास्कआडून डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी. कोविड झालेला होताच. "घरी सोडता येणार नाही. भेटायलाही कोणी येऊ शकणार नाही."

नवरा आणि मुलगी जवळच्या बेस्ट गावात, आमच्या घरी क्वारंटाइनमध्ये. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहराच्या हॉस्पिटलात, एकटीच्या खोलीत.

तीन दिवस सीटी स्कॅन, रक्त पातळ करणारी पोटातली इंजेक्शनं, नाकात ऑक्सिजनची नळी. येणाऱ्यांचे फक्त डोळे दिसायचे. मुलगी व्हिडिओ कॉलवर डचमध्ये दोन वाक्यं बोलून पळायची. तुमच्यावर ही वेळ आली तर सांगून ठेवते, दुखण्यापेक्षा दुपार जड जाते.

चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडला. मी जर्मनमधून डचमध्ये अनुवाद करते. पुण्यात शिकलेली भाषा इथे पोटापाण्याची झाली. हातात दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पायदळ डिव्हिजनचा इतिहास होता, तिच्याच अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलेला. काम दिलं होतं योहानाबाईंनी, वय एकोणऐंशी. ही डिव्हिजन आधी हॉलंडमध्ये होती, मग रशियात गेली. बाईंचे वडील तिच्यातले शिपाई, आई डच. वडिलांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी मृतांच्या यादीत वडिलांचं नाव सापडलं. गोळी नव्हे, टायफस. उवांमुळे पसरणारा ताप. विलगीकरणाच्या तंबूत मृत्यू. आणि आदल्याच प्रकरणात, त्यांच्या तुकडीनं माघार घेताना 'गावं मोकळी केली' असं लिहिलेलं.

मी फोन लावला. मी ॲडमिट आहे हे बाईंना ठाऊक होतं. आधी मृत्यूचं सांगितलं.

"जवळ कोणी होतं?"

"लिहिलेलं नाही."

गावांचं गाळावं, असं क्षणभर वाटलं. पण सांगितलं.

"मोकळी म्हणजे जाळली?"

"पुढच्या ओळीत धूर आहे."

बाई म्हणाल्या, "मग जाळली असंच कळू दे. मऊ करू नका." आणि थोड्या वेळानं, "तुमच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग फोन ठेवू नका."

आम्ही काही बोललो नाही. त्यांच्याकडे किटली उकळली, खुर्ची सरकली. मला खोकला आला की त्या नुसतं "हो, हो" म्हणायच्या. जेवणाची ट्रॉली येईपर्यंत फोन चालू होता.

आठव्या दिवशी मी घरी आले. गोळ्या सहा महिने चालल्या, धाप वर्षभर. अनुवाद पूर्ण केला, त्यांनी सांगितला तसाच.

आता ओळखीचं कोणी ॲडमिट झालं की 'काळजी घे' म्हणत नाही. विचारते, "आज दुपारी फोनवर किती वेळ थांबू?"